मातीचे काम

नाशिक म्हटले की गोदावरीचा घाट, पंचवटी आणि द्राक्षांचे मळे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु पावसाळा सरत आला की या परिसरात आणखी एका फळाचे राज्य सुरू होते. ते फळ म्हणजे टोमॅटो. दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नर या तालुक्यांतून टोमॅटोंनी भरलेल्या गाड्या पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे धाव घेतात. हा माल प्लॅस्टिकच्या ज्या पेट्यांतून जातो, त्यांना तिकडे 'जाळी' म्हणतात. एका जाळीत २० किलो टोमॅटो मावतात. हंगामात अशा हजारो जाळ्या तेथे उतरतात आणि तेथून तो माल दूरदूरच्या शहरांकडे रवाना होतो.

त्याच नाशिक शहरात, दिंडोरी रस्त्यावरील एका घराच्या गच्चीवर, एका हिवाळ्यात टोमॅटोची एक लहानशी शेती झाली. तिचे सारे उत्पन्न एकत्र केले तरी अर्धी जाळी भरली नसती. परंतु त्या अर्ध्या जाळीने एका मुलीला जे शिकवले, ते हजार जाळ्या पाहूनही तिला कळले नव्हते.

ती मुलगी सातवीत शिकत होती. तिचे आजोबा दिंडोरी तालुक्यातील शेतकरी. चाळीस वर्षे त्यांनी टोमॅटो पिकवला होता. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा शेताचा भार धाकट्या मुलावर सोपवून ते शहरात थोरल्या मुलाकडे राहावयास आले. घराच्या गच्चीवरून चामर लेण्यांची टेकडी व तिच्यापलीकडे रामशेज किल्ला दिसे. सकाळी उन्हात बसले असता आजोबा त्या दिशेला बोट करून म्हणत, "त्याच्या पलीकडे आपली माती." 'आपले शेत' असे ते क्वचितच म्हणत. त्यांच्या तोंडी शब्द येई तो 'माती' हाच.

अशा आजोबांपुढे एके दिवशी नात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मी गच्चीवर टोमॅटो लावणार आहे. पण मातीवाचून. नुसत्या पाण्यात."

आजोबा मोठ्याने हसले. "मातीवाचून शेती? उद्या म्हणशील, चुलीवाचून भाकरी!"

"आजोबा, आपल्या घरी चूल कुठे आहे? भाकरी गॅसवरच होते की!"

यावर आजोबांना चटकन उत्तर सुचले नाही. ते म्हणाले, "बरे, सांग तरी. कोणी सांगितले तुला हे?"

नातीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक उघडले आणि त्यातील हकिगत सांगावयास आरंभ केला. सतराव्या शतकात, आज ज्याला आपण बेल्जियम म्हणतो त्या देशात, व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. झाड माती खाऊन वाढते काय, असा प्रश्न त्याला पडला. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती वजन करून भरली व तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्याने त्या रोपाला पाण्याखेरीज काहीही घातले नाही. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक, आणि माती? ती कमी झाली होती अवघी दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही! झाड केवळ पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला.

"म्हणजे तो चुकला," आजोबा म्हणाले.

"हो, चुकला. तो हवेला विसरला. झाडाची पाने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ते दोन औंसही काही फुकट गेले नव्हते."

त्या दोन औंसांचे रहस्य पुढे उलगडले. १८६० च्या सुमारास जर्मनीतील झाक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनी काही क्षार पाण्यात विरघळवून त्या पाण्यातच रोपे वाढवून दाखवली. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि जस्त, तांबे, बोरॉन यांसारखी इतर काही, अशी एकूण चौदा मूलद्रव्ये झाड मुळांवाटे घेते, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यांतील काही इतकी थोडी लागतात की, त्यांना चिमूटभर म्हणणेही फार होईल; परंतु त्यांपैकी एक जरी मिळाले नाही, तरी झाड खुरटते.

१९२९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक नावाच्या प्राध्यापकाने हा प्रयोगशाळेतील खेळ शेतीत आणला. मोठ्या टाक्यांतील पाण्यावर त्याने टोमॅटोची झाडे वाढवली. ती पंचवीस फूट उंच गेली व फळे काढण्यासाठी शिडी लावावी लागली. या शेतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव त्याने १९३७ साली रूढ केले. हा शब्द दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. एकाचा अर्थ पाणी आणि दुसऱ्याचा अर्थ श्रम. आपल्या देशातही १९४६ साली बंगालमधील कालिम्पाँग येथे शोल्टो डग्लस यांनी या शेतीचे प्रयोग केले. विजेचे पंप व महागडी यंत्रे न वापरता, खडीने भरलेल्या साध्या चरांत पाणी व क्षार घालून भाजीपाला पिकवण्याची रीत त्यांनी बसवली.

नातीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : 'हायड्रोपॉनिक्स = पाणी + श्रम'. तिचे सारे लक्ष पहिल्या शब्दाकडे होते. दुसऱ्या शब्दाचा अर्थ तिला चार महिन्यांनी कळावयाचा होता.

आजोबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "पुस्तक खोटे बोलत नसेल. पण पोरी, झाड काही पुस्तक वाचत नाही. असे कर, दोन झाडे लाव. एक तुझे पाण्यात, एक माझे मातीत. मग पाहू."

अशी पैज लागली. दसऱ्याच्या दिवशी रोपवाटिकेत वापरतात तशा खाचांच्या तबकात नारळाच्या काथ्याचा भुसा भरून 'पुसा रुबी' या जातीचे बी पेरण्यात आले. सातव्या दिवशी पाठ वाकवलेले नाजूक कोंब वर आले आणि मग हळूच ताठ उभे राहिले.

रोपे वाढेपर्यंत त्यांचे घरही उभे करावयाचे होते. नाशिकची थंडी प्रसिद्ध आहे. जवळच्या निफाडला तर थंडीच्या कडाक्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला, वांगी व बटाटा यांच्या कुळातला. त्याला ना कडक ऊन मानवते, ना बोचरी थंडी. म्हणून बाबांनी गच्चीच्या कोपऱ्यात आठ फूट लांब व सहा फूट रुंद असा बांबूंचा सांगाडा बांधला आणि शेतावर उरलेले पारदर्शक प्लॅस्टिक त्यावर ताणून बसवले. दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या ठेवल्या व त्यांवर गुंडाळता येतील असे पडदे सोडले. सूर्याचा प्रकाश आत येतो, आतली माती, भांडी व हवा तापते आणि ती ऊबदार हवा बाहेर निसटू शकत नाही, असे हे हरितगृह. जानोरी-मोहाडीकडे गुलाबाची फुले पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची अशी मोठमोठी हरितगृहे तिने पाहिली होती. हे त्यांचेच पिल्लू होते.

दिवाळी आटोपताच रोपे आपापल्या जागी गेली. आजोबांनी रंगाची एक मोठी रिकामी बादली घेतली. तिच्या बुडाला भोके पाडली. तिच्यात एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग उसाची बारीक केलेली चिपाडे व पालापाचोळा असे मिश्रण भरले. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे शेतकऱ्यांना व शहरातील माणसांना ज्या गोष्टी शिकवल्या, त्यांत घराच्या गच्चीवर थोड्या मातीत व भरपूर पालापाचोळ्यात भाजी पिकवण्याची ही युक्तीही होती. ती आजोबांनी तरुणपणी ऐकली होती आणि मनात जपून ठेवली होती.

नातीने वीस लिटरचा एक टब घेतला. त्याच्या झाकणाला भोक पाडून त्यात जाळीचा पेला बसवला आणि विटांच्या बारीक तुकड्यांत रोप उभे केले. पेल्यातून मुळे खाली पाण्यात लोंबत होती. माशांच्या काचपेटीत हवा सोडणारे एक लहानसे विजेचे यंत्र टबाशी जोडले. त्याच्या नळीतून पाण्यात अखंड बुडबुडे उठत.

क्षारांच्या पिशव्या तिने कृषी सेवा केंद्रातून आणल्या, तेव्हा आजोबा चकित झाले. "ही तर आपलीच खते! आपण ठिबकातून टोमॅटोला हीच देतो." मग एक पिशवी उचलून त्यांनी बजावले, "हे कॅल्शियम नायट्रेट. याचे दाट पाणी दुसऱ्या खतांच्या दाट पाण्यात कधी मिसळू नकोस. दुधासारखे फाटते आणि गाळ खाली बसतो. तो झाडाच्या काही उपयोगाचा नाही." हे त्या पुस्तकातही लिहिले होते, पण ते पान नातीने वाचले नव्हते. तिने आजोबांकडे जरा आदराने पाहिले.

पहिल्या महिन्यात पाण्यातील रोपाने मातीतील रोपाला मागे टाकले. त्याची पाने रुंद व हिरवीगार होती. मुळे तर पांढऱ्या रेशमाच्या लडीसारखी वाढली होती. नात रोज सकाळी वहीत उंची लिही. एका लिटर पाण्याला एक-दोन ग्रॅम क्षार, याहून अधिक नाही. पाण्याचा सामू, म्हणजे त्याचे आम्लपण मोजणारा आकडा, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. दर आठवड्याला पाणी बदलायचे. अशी कामे ती मन लावून करी. आजोबा आपल्या बादलीत बोट खुपसून ओल पाहत, जरूर असल्यास तांब्याभर पाणी घालीत आणि उन्हात जाऊन बसत.

"आजोबा, तुमचे झाड मागे पडले," ती चिडवून म्हणे.

"पडू दे," आजोबा म्हणत. "त्याला घाई नाही."

परंतु लवकरच एकेक अडचण पुढे येऊ लागली. टब पांढरट व पारदर्शक होता. त्यातून प्रकाश आत शिरे. त्यामुळे पाण्यात हिरवे शेवाळ माजले आणि मुळांना बिलगले. नातीने टब रिकामा करून घासला व त्याला बाहेरून काळा रंग दिला. मुळांना अंधार हवा असतो, ही गोष्ट मातीने तिला कधी सांगितली नव्हती. कारण मातीत अंधार आयताच असतो.

पुढे डिसेंबरात दोन्ही झाडांना पिवळ्या फुलांचे झुबके आले. दोन दिवस नात आनंदात होती. तिसऱ्या दिवशी फुले गळू लागली. आधी तिला वाटले, थंडीने गळाली. ती पडदे घट्ट लावू लागली. तरी गळ थांबेना. शेवटी आजोबा आत आले. त्यांनी चहूकडे पाहिले आणि विचारले, "वारा कोठे आहे तुझ्या या घरात?"

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. फूल हलले की परागकण आतल्या आत झडून योग्य जागी पडतात. शेतात हे काम वारा आणि मधमाशा न सांगता करतात. बंद घरात त्यांना दार नव्हते. आजोबांनी झाड ज्या सुतळीला बांधले होते, तिला बोटाने टिचकी मारली. झुबका थरथरला आणि उन्हाच्या तिरपेत पिवळ्या धुळीचा एक बारीक कण तरंगताना दिसला. तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजण्याच्या सुमारास, आणि शाळेच्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी, नात दोन्ही झाडांच्या सुतळ्यांना टिचक्या मारू लागली. जानेवारीत बोराएवढी हिरवी फळे दिसू लागली.

असे सारे सुरळीत चालले असता फेब्रुवारीच्या अखेरीस तो रविवार उजाडला.

सिन्नरला नात्यातले लग्न होते. पहाटे गारवा होता. म्हणून हरितगृहाचे पडदे खाली सोडलेले होते. निघण्याच्या धांदलीत ते वर गुंडाळावयाचे राहून गेले. दुपारी चारला मंडळी परतली, तेव्हा घरात वीज नव्हती. ती अकरा वाजल्यापासूनच गेली असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. नात धावतच गच्चीवर गेली.

हरितगृहाचे दार उघडताच गरम हवेचा झोत तिच्या तोंडावर आला. आतील तापमापक ४४ अंश दाखवत होता. मातीतील झाडाची शेंड्याकडची पाने थोडी मलूल झाली होती, इतकेच. पाण्यातील झाड मात्र मान टाकून पडल्यासारखे दिसत होते. पाने लोळागोळा झाली होती आणि फळांनी लगडलेल्या फांद्या सुतळीवर लोंबत होत्या. बुडबुडे थांबले होते.

"आजोबा, टबात पाणी भरपूर आहे, तरी झाड सुकले कसे?" तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"मी म्हटले नव्हते का," असे आजोबा म्हणू शकले असते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पडदे वर सारले, झाकण उचलून पाण्यात हात घातला आणि ते म्हणाले, "पाणी कोमट झाले आहे. मुळांचा जीव गुदमरतो आहे. शेतात पावसाचे पाणी साचून राहिले की असेच होते. पाण्यात उभे असून झाड वाळते. पोरी, तुझ्या टबात पाणी आहे. पण वाफसा नाही."

वाफसा हा शब्द नातीने शेतावर अनेकदा ऐकला होता. जमिनीत ओल असावी आणि त्या ओलीबरोबर हवाही खेळती असावी, अशी जी स्थिती असते तिला शेतकरी वाफसा म्हणतात. मुळेही श्वास घेतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा कमी होते. ते लहानसे यंत्र चार महिने रात्रंदिवस वाफसा पुरवीत होते, आणि त्याकडे कोणाचे लक्षही नव्हते.

आजोबांनी टबातील निम्मे पाणी उपसून तेथे माठातील गार पाणी ओतावयास सांगितले. गोणपाट भिजवून उन्हाच्या बाजूला टांगले. मग तांब्या टबात बुडवून ते पाणी हातभर उंचावरून धार धरून परत टबात सोडू लागले. धारेबरोबर हवा पाण्यात शिरते, हे त्यांनी सांगितले नाही. ते नातीलाच उमगले. तिने दुसरा तांब्या घेतला. आजोबा दमले की ती धार धरी, ती दमली की आजोबा. दुखऱ्या गुडघ्यांनी ते स्टुलावर बसून होते. आई दोनदा जेवावयास बोलावून गेली. सूर्य मावळला, रामशेज अंधारात बुडाला. तरी दोन तांब्यांची धार चालूच होती. रात्री आठ वाजता वीज आली आणि यंत्रातून बुडबुडे उठू लागले, तेव्हा आजोबांनी तांब्या खाली ठेवला.

"हे तर माझे झाड होते, आजोबा. तुम्ही एवढे का दमलात?"

आजोबा म्हणाले, "झाडाला कोठे ठाऊक आहे, ते कोणाचे ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाने मान वर केली होती. खालची काही पाने पिवळी पडली, फुलांचा एक झुबका गळून गेला. पण फळे वाचली. त्या दिवसापासून नातीने टबातील पाण्याची पातळी चार बोटे खाली ठेवली. त्यामुळे वरची मुळे दमट हवेत राहिली आणि वीज गेली तरी काही वेळ तग धरण्याची सोय झाली. आजोबांनी त्या चार बोटांच्या जागेला नाव दिले : वाफशाची जागा.

मार्चमध्ये फळे लाल झाली. ती जसजशी पिकली, तसतशी तोडून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलली गेली. शेवटचा तोडा झाल्यावर नातीने वहीत बेरीज केली. मातीतील झाडाने ३ किलो २०० ग्रॅम दिले. पाण्यातील झाडाने ४ किलो ६०० ग्रॅम. मातीतील दोन फळांचे बूड काळे पडून ती वाया गेली होती. कारण नातीच्या हाती पाणी देण्याचे काम असलेल्या आठवड्यात, परीक्षेच्या घाईत, बादली कधी कोरडी राहिली होती, तर कधी चिंब.

"पैज तू जिंकलीस," आजोबा म्हणाले.

नात बराच वेळ वही चाळीत राहिली. मग तिने एका कोऱ्या पानावर मथळा लिहिला : 'मातीची कामे'. त्याखाली ती एकेक ओळ लिहीत गेली. झाडाला धरून ठेवणे. अन्न साठवून थोडे थोडे देणे. पाणी धरून ठेवणे आणि जादा पाणी सोडून देणे. हवेला जागा ठेवणे. मुळांना अंधार देणे. ऊन-थंडीचा तडाखा सौम्य करणे. पाण्याचे आम्लपण एकाएकी बदलू न देणे. "ही सगळी कामे मी चार महिने केली," ती म्हणाली. "एक दिवस चुकले, तर झाड मरायला टेकले. माती ही कामे कोणाला न विचारता करते. आजोबा, त्या ग्रीक शब्दातले श्रम म्हणजे हेच श्रम ना?"

आजोबा काही बोलले नाहीत; पण त्यांचा चेहरा उजळला.

थोड्या वेळाने नातीने आणखी एक हिशेब मांडला. दोन्ही झाडांचे मिळून ७ किलो ८०० ग्रॅम. एका जाळीत २० किलो मावतात. म्हणजे अर्धी जाळीसुद्धा नाही. चार महिन्यांचे श्रम, आणि अर्धी जाळीसुद्धा नाही! तो आकडा पाहता पाहता तिला एक जुना प्रसंग आठवला.

ऑगस्ट २०२१ मधील ती गोष्ट. ती तेव्हा लहान होती आणि आजोबांच्या शेजारी गाडीत बसून शेतावर चालली होती. एके ठिकाणी रस्त्याच्या कडेला टोमॅटोंचा लालभडक सडा पडला होता. गाड्यांच्या चाकांखाली ते चिरडले जात होते. तिला गंमत वाटली होती. टाळ्या पिटून तिने विचारले होते, "आजोबा, एवढे टोमॅटो कोणाचे सांडले?" आजोबांनी उत्तर दिले नव्हते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले होते.

"आजोबा, ते टोमॅटो सांडले नव्हते ना?" तिने आता विचारले.

"नाही," आजोबा हळूच म्हणाले. "फेकले होते. त्या वर्षी किलोला दोन-तीन रुपये भाव झाला होता. म्हणजे एका जाळीचे चाळीस-साठ रुपये. त्यात तोडणीची मजुरीही निघत नव्हती. मग गाडीभाडे कोठून द्यायचे? सगळ्यांचा माल एकदमच तयार होतो आणि पिकलेला टोमॅटो घरात ठेवता येत नाही. पुढे २०२३ च्या जुलैत शहरात किलोला शंभर रुपयांहून अधिक मोजावे लागले, तेव्हा लोक ओरडले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भाव पुन्हा असा कोसळला की, शेतकऱ्यांनी माल परत फेकला. फेकताना हात जड होतात, पोरी. माती आपले काम चुकली नव्हती. आम्हीही चुकलो नव्हतो."

नातीने टेबलावरील टोमॅटोंकडे पाहिले. त्यांतील प्रत्येक टोमॅटो तिला ओळखू येत होता. हा वरच्या झुबक्यातला, हा त्या रविवारी वाचलेला. यांतला एकही तिला फेकवला नसता. रस्त्यावरच्या त्या लाल सड्यात अशी किती जणांची ओळखीची फळे असतील, या विचाराने ती गप्प झाली. लहानपणी पिटलेल्या त्या टाळ्या तिला आठवल्या, आणि तिने आजोबांचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला.

त्या रात्री आजीने टोमॅटोचे सार केले. जिरे व कढीपत्त्याच्या फोडणीचा वास घरभर दरवळला. एरवी सार पानात टाकणाऱ्या नातीने वाटीतला शेवटचा थेंबही संपवला. ते पाहून आजी हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांना ठाऊक होते, ती केवळ सार पीत नव्हती.

एका उत्तम फळाचे बी तिने धुऊन कागदावर वाळत घातले. बी कोरडे झाल्यावर त्याच्या दोन पुड्या बांधल्या. एक पुडी आजोबांच्या हाती देऊन ती म्हणाली, "ही आपल्या मातीसाठी. पावसाळ्यात बांबू रोवायला आणि सुतळी बांधायला मीही शेतावर येणार आहे."

"आणि दुसरी?" आजोबांनी विचारले.

"दुसरी पुढच्या दसऱ्यासाठी. पाण्यासाठी."

आजोबांनी क्षणभर विचार केला. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवीत ते म्हणाले, "तुझी ती वही मला दे पाहू. एका लिटरला किती ग्रॅम म्हणालीस? पुढच्या वर्षी एक टब माझाही ठेव."